बडग्याच्या गळ्यातली पाटी आणि वकिलाची नोटीस

ताई, सादर नमस्कार.

मी इतवारीत फ्लेक्स छपाईच्या दुकानात कामाला आहे. वय चौतीस. आमच्या मोहल्ल्यातली सात-आठ पोरं मिळून दरवर्षी मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत, बडग्या काढतो. बडग्या म्हणजे लोकांना सतावणाऱ्या गोष्टीवर टोमणा मारणारा पुतळा. आधी बाबा काढायचे, आता मी काढतो. बांबू, तरट, रद्दी, जुने कपडे, यात दोन आठवडे जातात. यंदाचा बडग्या रस्त्याच्या विषयावर होता. दोन पावसाळे झाले, आमच्या गल्लीत रस्ता नाही, डबकं आहे. माझी आई त्यातच पडली आणि तिचं मनगट मोडलं.

बडग्याला मोठं पोट केलं, डोळ्यावर काळा चष्मा, गळ्यात दुपट्टा. एका हातात डांबराची बादली, दुसऱ्या हाताखाली नोटांची थैली. आमच्या प्रभागातल्या नेत्याचं नाव कुठेच लिहिलं नाही. फक्त 'भाऊ' लिहिलं आणि प्रभागाचा नंबर टाकला. तीन पाट्या होत्या. समोर: 'खड्डे मोजा, बक्षीस मिळवा! रस्ता शोधा, डबल बक्षीस!' पाठीवर: 'आमचे भाऊ इतके प्रामाणिक, की डांबराला हातसुद्धा लावत नाहीत.' तिसरी आदल्या रात्री घाईत केली: 'सिमेंट रस्त्याचे चार लाख भाऊच्या घरी, वहिनीच्या हातात पाटल्या भारी.' लोक हसून हसून बेजार. भाच्यानं रील टाकली, ती खूप फिरली.

आठ दिवसांनी भाऊंच्या वकिलाची नोटीस आली. पंचवीस लाख नुकसानभरपाई, सात दिवसांत जाहीर माफी, नाही तर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही. पुढच्या वर्षीपासून बडग्यावर बंदी आणू, असंही लिहिलं आहे. त्यांची पोरं रोज दुकानात येऊन राहिली, 'माफीचा व्हिडिओ काढ' म्हणून. ठाण्यातूनही फोन आला, 'येऊन जा' म्हणे. मालक म्हणतात, माफी मागून मोकळा हो. मित्र म्हणतात, मारबतीला सगळं माफ असते, कोणी काही करू शकत नाही. आई तीन दिवसांपासून नीट जेवून नाही राहिली.

चार लाखांचं मी चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. सगळेच बोलून राहिले होते. ताई, व्यंगालापण बदनामीचा कायदा लागतो का? माफी मागू का?

– एक बडग्यावाला, नागपूर

प्रिय बडग्यावाले,

आधी आईंना जेवायला बसवा. त्यांना सांगा, वकिलाची नोटीस हा कोर्टाचा कागद नाही. समोरच्यांच्या वकिलानं त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेलं ते पत्र आहे. त्यावर न्यायाधीशाची सही नाही. सात दिवसांची मुदत त्यांनी घातलेली आहे, कायद्यानं नाही. पंचवीस लाखांचंही तसंच. नोटिशीत कितीही आकडा लिहिता येतो. दावा लावायचा झाला तर मागितलेल्या रकमेच्या हिशोबानं कोर्ट फी भरावी लागते आणि अब्रूचं नुकसान झालं कसं, किती, हे कोर्टाला पटवून द्यावं लागतं.

पण नोटीस बाजूला टाकून देण्यासारखीही नाही. तुमच्या तीन पाट्यांपैकी एका पाटीची मला खरोखर काळजी वाटते. ती कोणती, हे तुम्हालाही कळलेलं आहे. नाहीतर पत्राच्या शेवटी चहाच्या टपरीचा उल्लेख तुम्ही केला नसता.

मित्रांचं म्हणणं आधी घेते. मी महालात वाढले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आजी आम्हा भावंडांना गच्चीवर उभं करायची. खालून 'ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' अशी ओरड आली की आम्हीही वरून घसा फाटेस्तोवर ओरडायचो. काळी मारबत दिसली की आजी बाकाबाईची गोष्ट सांगायची. भोसल्यांच्या घरातली राणी इंग्रजांना सामील झाली, त्याचा संताप नागपूरकरांनी या पुतळ्यात भरला, अशी. पिढ्यान्‌पिढ्या इथे ही गोष्ट अशीच सांगतात. म्हणजे लोकांच्या आठवणीत तरी आपला हा सव्वाशे वर्षांहून जुना सण सत्तेतल्या माणसाला भर रस्त्यात जाब विचारण्यापासून सुरू होतो. तुमच्या बाबांनी केलेला बडग्या आणि तुम्ही केलेला बडग्या त्याच वाटेवरचे आहेत. मला त्याचा अभिमान आहे, आणि तुम्हीही तो सोडू नका.

मात्र 'मारबतीला सगळं माफ' असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. परंपरा म्हणून कोर्ट कोणाला सोडत नाही. परंपरेचा उपयोग वेगळ्या ठिकाणी होतो, तो पुढे सांगते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. व्यंगाला बदनामीचा कायदा लागतो का? लागतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुन्या भारतीय दंड संहितेतली 499 आणि 500 ही कलमं आता कलम 356 मध्ये एकत्र आहेत. मजकूर जवळपास तोच. बोलून, लिहून, खुणेनं किंवा चित्रानं एखाद्यावर असा आरोप करणं, की त्यामुळे त्याच्या अब्रूला धक्का लागावा हा हेतू आहे, किंवा धक्का लागेल हे आपल्याला ठाऊक आहे, ही बदनामी. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यानं समाजसेवेच्या शिक्षेचाही पर्याय दिला आहे. हा गुन्हा फौजदारी कायद्यातून काढून टाका, अशी मागणी सुब्रमण्यम स्वामींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 2016 मध्ये ती फेटाळली गेली. मला स्वतःला तो निकाल पटलेला नाही. अब्रूच्या भांडणात तुरुंग नको, पैशानं आणि खुलाशानं ते मिटावं, असं मी आजही मानते. पण अशिलाला सल्ला देताना माझं मत चालत नाही, कायदा चालतो.

याच कलमात एक स्पष्टीकरण आहे, ते प्रत्येक बडग्यावाल्यानं वाचावं. उपरोधानं केलेला आरोपसुद्धा बदनामी ठरू शकतो, असं ते म्हणतं. सोबत 1860 पासून चालत आलेलं उदाहरण आहे. कोणीतरी म्हणतो, 'तो माणूस प्रामाणिक आहे, त्यानं घड्याळ मुळीच चोरलं नाही.' बोलण्याचा रोख असा, की ऐकणाऱ्यानं समजावं, यानंच चोरलं. शब्द स्तुतीचे, पण ही बदनामी. आणखी एक उदाहरण चित्राचं: घड्याळ घेऊन पळणाऱ्या माणसाचं चित्र काढलं, आणि त्यानंच ते चोरलं असं लोकांनी मानावं हा हेतू असला, तर तीही बदनामी. म्हणजे 'मी तर गंमत केली' किंवा 'मी फक्त चित्र काढलं' एवढ्यावर सुटका नाही. तुमच्या बडग्याच्या काखेत नोटांची थैली आहे, हे इथे लक्षात ठेवा.

मग व्यंगचित्रं निघतात कशी, नकला होतात कशा, असं तुम्ही विचाराल. कारण त्याच कलमात दहा अपवादही आहेत. त्यातले दोन तुमच्या कामाचे. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल, आणि कुठल्याही सार्वजनिक प्रश्नाबाबत कोणी कसं वागलं याबद्दल, सद्भावनेनं दिलेलं मत बदनामी होत नाही. मत कडू असू शकतं. हसवणारं, बोचणारं असू शकतं. पण ते मत असलं पाहिजे. मत आणि माहिती यांतली रेघ पाहण्यासाठी मी अशिलांना एकच प्रश्न विचारते: हसून झाल्यावर माणूस कोणती गोष्ट खरी समजून घरी गेला?

हा प्रश्न तुमच्या पाट्यांना लावू.

'खड्डे मोजा, बक्षीस मिळवा.' माणूस घरी काय घेऊन गेला? रस्त्यात खड्डे आहेत. ते तर त्याच्याच पायाखाली आहेत. ही पाटी निर्धास्त ठेवा. पुढेमागे कोणी म्हणालं की यातून महापालिकेची बदनामी झाली, तर 1994 चा आर. राजगोपाल खटला वकिलांना दाखवायला सांगा. सरकारला किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेला स्वतःच्या बदनामीची भरपाई मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं आहे. अधिकारपदावरच्या माणसालाही त्याच्या पदाच्या कामाबद्दल कोणी लिहिलं तर भरपाई सहजी मिळत नाही. विधान खोटं होतं, आणि खरंखोटं पाहण्याची पर्वा न करता ते केलं गेलं, हे त्यानं दाखवावं लागतं. सत्तेत असलेल्यानं सामान्य माणसापेक्षा जास्त सोसलं पाहिजे, या विचाराला आपल्याकडे मिळालेला हा भक्कम आधार आहे.

दुसरी पाटी मला सगळ्यात आवडली, आणि तीच सगळ्यात नाजूक आहे. 'आमचे भाऊ इतके प्रामाणिक, की डांबराला हातसुद्धा लावत नाहीत.' ऐकल्याबरोबर घड्याळाचं उदाहरण आठवतं. नोटिशीतही यावरच भर असणार: बघा, प्रामाणिक म्हणून अप्रामाणिक म्हटलंय, म्हणजे पैसे खाल्ल्याचा आरोप केलाय. पण पाटी पुन्हा वाचा. घड्याळाच्या उदाहरणात चोरी ठरलेली आहे, वस्तू ठरलेली आहे, मालक ठरलेला आहे. फक्त चोराचं नाव तिरक्या वाटेनं सांगितलंय. तुमच्या पाटीत पैसे नाहीत, कंत्राट नाही, तारीख नाही. डांबराला हात न लावणं याचा सरळ अर्थ काम न करणं. गल्लीत डांबर पडलेलं नाही, ही वस्तुस्थिती. त्यावर तुमचं मत, की यांना त्याची फिकीर नाही. याच्यापलीकडचा अर्थ काढायचा तर वाचणाऱ्याला स्वतःच्या मनातली भर घालावी लागते.

आणि वाचणारा कोण धरायचा, यावर आपल्या नागपुरातच एक फार मोलाची गोष्ट सांगितली गेली आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, सिव्हिल लाइन्समध्ये आज जिथे मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ बसतं तिथे नागपूर उच्च न्यायालय होतं आणि न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस त्याचे न्यायाधीश होते. भगवतीचरण शुक्ला यांच्या प्रकरणात त्यांनी लिहिलं, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापानं मोजावा. डळमळीत मनाच्या माणसाच्या मापानं नाही, आणि प्रत्येक विरोधी मतात ज्याला धोक्याचा वास येतो त्याच्याही नाही. ते प्रकरण अब्रुनुकसानीचं नव्हतं, पण माप टिकलं. सर्वोच्च न्यायालयानं 1988 मध्ये एका दूरदर्शन मालिकेच्या वादात तेच माप हाती घेतलं. मार्च 2025 मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करतानाही तेच वापरलं आणि कविता, नाटक, व्यंग यांनी माणसाचं जगणं अर्थपूर्ण होतं असं म्हटलं. सिव्हिल लाइन्समधून जाताना ती इमारत दिसली की मला दर वेळी हे आठवतं. आपल्या गावात लिहिलेलं एक वाक्य इतक्या वर्षांनी कुणा कवीच्या कामी आलं.

परंपरेचा उपयोग इथे होतो. मारबतीच्या दिवशी इतवारीत उभा असलेला तो समंजस माणूस बडग्याकडे बातमी म्हणून पाहत नाही. पोट फुगवलेलं असणार, चष्मा मोठा असणार, बोलणं चढवून असणार, हे तो धरूनच आलेला असतो. काखेतली थैलीसुद्धा त्याला चिन्ह म्हणूनच दिसते, कारण पुढाऱ्याचा बडग्या आणि थैली ही जोडी तो लहानपणापासून पाहत आलाय. एकटी थैली असती तर मी दुसऱ्या पाटीइतकीच तिची बाजू मांडली असती. फक्त, रस्त्यावर असलेला हा संदर्भ रीलमध्ये उरत नाही. पुण्याला किंवा मुंबईला बसून अकरा सेकंदांचा तुकडा पाहणाऱ्याला ना मारबत ठाऊक, ना तुमची गल्ली. म्हणून सांगते, बडग्याचा व्हिडिओ टाकायचा तर मिरवणूक, ओरड, आजूबाजूचे बडग्ये सगळं दिसेल असा टाकत जा.

आता तिसरी पाटी. 'सिमेंट रस्त्याचे चार लाख भाऊच्या घरी, वहिनीच्या हातात पाटल्या भारी.' इथे माझ्या प्रश्नाचं उत्तर चटकन मिळतं. माणूस घरी गेला आणि बायकोला म्हणाला, 'चार लाख खाल्ले म्हणे.' यमक जुळवलेलं आहे, पण आत आकडा आहे, काम आहे आणि पैसे कुठे गेले ते आहे. ही माहिती आहे. शेजारी ही पाटी असली की काखेतली थैलीही चिन्ह राहत नाही, ते घड्याळ घेऊन पळणाऱ्याचं चित्र होतं.

ही माहिती खरी असती तर? पहिला अपवाद सत्याचाच आहे. पण फौजदारी खटल्यात नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. रस्त्याच्या पैशाचा प्रश्न लोकहिताचा आहेच, तिथे अडचण नव्हती. अडचण पुराव्याची आहे. आणि सद्भावना म्हणजे मनात पाप नसणं एवढंच नव्हे. योग्य काळजी आणि लक्ष दिल्याशिवाय केलेली गोष्ट सद्भावनेची नाही, अशी कायद्याची व्याख्या आहे. टपरीवर ऐकलेलं, आदल्या रात्री, घाईत. तुमच्याच पत्रातले हे तीन शब्द समोरच्या वकिलाला पुरेसे आहेत.

दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला असता तर साधारण तीस दिवसांत त्या रस्त्याची निविदा, कामाचा आदेश, देयकं मागता आली असती. मग कदाचित तुमच्या पाटीवर लिहिलेलं असतं: 'कागदावर रस्ता पूर्ण, पायाखाली चिखल.' मागे मंजुरीच्या कागदाची मोठी प्रत लटकवली असती. फ्लेक्सचं दुकान तुमच्या हाताखाली आहे. असा बडग्या कोणाच्या नोटिशीनं हलला नसता, आणि त्या नेत्यांना उत्तरही द्यावं लागलं असतं.

वहिनींबद्दल मी वकील म्हणून नाही, बाई म्हणून सांगते. त्या निवडणुकीला उभ्या नव्हत्या. रस्ता त्यांनी मंजूर केला नव्हता. पाटल्या त्यांच्या माहेरच्या असतील, त्यांच्या पगाराच्या असतील. तुमच्या आई डबक्यात पडल्या तेव्हा ज्या नेत्याला जाब विचारायचा होता तो पुरुष होता, आणि पाटीवर हात दिसले ते त्याच्या बायकोचे. सार्वजनिक माणसाला सोसावं लागतं, हा नियम त्याच्या घरातल्यांना लागत नाही. त्या स्वतंत्रपणे तक्रार करू शकतात, आणि केली तर मी त्यांना दोष देणार नाही. बाईबद्दल असभ्य, लाज आणणारं काही लिहिलं गेलं तर प्रकरण बदनामीपुरतं राहत नाही, न्याय संहितेच्या कलम 79 खाली पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. तुमची पाटी तिथवर गेलेली नाही. जातीवरून केलेल्या टोमण्यालाही मोहल्ल्यातल्या पोरांना हात लावू देऊ नका. तिथे तर कायदा फारच कडक आहे, आणि असायलाच हवा.

'नाव लिहिलं नाही' यावर विसंबू नका. नागपुरात अर्धं गाव भाऊ आहे हे खरं. पण चष्मा, दुपट्टा आणि प्रभागाचा नंबर पाहून लोकांनी ओळखलं, तेवढं पुरतं.

पोलिसांच्या फोनबद्दल. बदनामी हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना यात तपास करता येत नाही, वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. ज्याची बदनामी झाली त्यानं स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार करायची असते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्यानुसार, दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी तुमचं म्हणणं ऐकायचं असतं. ही संधी पूर्वी नव्हती. तरी ठाण्यात जाणं टाळू नका. आधी नम्रपणे विचारा, कोणत्या तक्रारीवर, कोणत्या कलमाखाली, आणि लेखी सूचना मागा. जाताना वकील किंवा घरचं कोणी सोबत न्या. कधीकधी अर्जात शांतताभंगाची, अफवेची कलमं जोडलेली असतात, म्हणून कलम विचारणं महत्त्वाचं.

माफीचा व्हिडिओ मात्र काढायचा नाही. दुकानात चारजण उभे, मोबाइल समोर धरलेला, आणि तुम्ही हात जोडून बोलता आहात, असा व्हिडिओ कोर्टात कबुलीसारखा वापरायचा प्रयत्न होतो आणि गल्लीत जन्मभर फिरतो. धमकी देणं हाच वेगळा गुन्हा आहे. कोण, कधी आले, काय म्हणाले ते वहीत तारखेनिशी लिहा, दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी उतरवून घ्या, आणि ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

आता मालकांचं म्हणणं, माफी मागून मोकळा हो. ते तुमच्या काळजीपोटी बोलतात, आणि कोर्टाच्या फेऱ्या किती दमवतात हे त्यांनी कुठेतरी पाहिलेलं असणार. मीही पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे आले होते. गणपतीत मंडळासाठी त्यांनी नाटिका लिहिली होती, त्यात गावच्या एका पुढाऱ्याची नक्कल होती. दर तारखेला ते नाटिकेची वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणायचे. समोरच्या वकिलांनी जिथे जिथे लाल रेघ ओढली होती, तिथे त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'इथे टाळ्या पडल्या होत्या.' मुलांच्या परीक्षा सोडून ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसून राहायचे. शेवटी आपसात मिटलं. त्यांना शिक्षा झाली नाही, पण त्यानंतर त्यांनी नाटिका लिहिली नाही. मला त्या प्रकरणाचं आजही वाईट वाटतं. मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं की जी एक ओळ उभी राहत नाही ती सोडा, बाकीच्यासाठी मी उभी राहते. आम्ही सगळंच लढवत बसलो.

म्हणून तुम्हाला हे पहिल्याच पत्रात सांगते. बडग्याची माफी मागू नका. तिसरी पाटी मागे घ्या. ज्या पाटीचा आधार तुमच्याकडे नाही तिच्याबद्दल मनापासून खेद व्यक्त करणं हा कमीपणा नाही. एक चूक सरळ मान्य करणाऱ्या माणसाची उरलेली बाजू कोर्ट जास्त लक्ष देऊन ऐकतं, असा माझा अनुभव आहे. सरसकट माफी मागितली तर पुढच्या वर्षी खड्ड्यांची पाटीही लावता येणार नाही. मग त्या डबक्याबद्दल बोलायचं कोणी?

पुढच्या वर्षीच्या बंदीची धमकी मनावर घेऊ नका. काय निघणार हे माहीत नसताना ते आधीच अडवण्याचा आदेश मिळणं सोपं नसतं. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे टाटा विरुद्ध ग्रीनपीस असं प्रकरण होतं. ओडिशातल्या धामरा बंदराला विरोध म्हणून ग्रीनपीसनं संगणकावरचा एक खेळ काढला होता, त्यात कासवं टाटाच्या चिन्हापासून जीव वाचवत पळतात. तो खेळ तातडीनं थांबवायला कोर्टानं नकार दिला. कारण भरपाईचा प्रश्न खटल्याच्या शेवटी ठरवता येतो, पण सुरुवातीलाच तोंड बंद केलं तर एका सार्वजनिक प्रश्नावरची चर्चाच थांबते.

भाच्याला आजच सांगा, तिसरी पाटी दिसणारी रील काढून टाक. पण त्याआधी संपूर्ण मिरवणुकीचं मूळ चित्रण तुमच्याकडे उतरवून ठेवा, ते तुमच्या बाजूचा पुरावा आहे. ज्यांनी ती पुढे पाठवली त्यांनाही निरोप द्या, पुढे पाठवणं म्हणजे पुन्हा प्रसिद्ध करणंच असतं. बडग्याचा सांगाडा जळला असला तरी पाट्या उरल्या असतील तर तिन्ही ठेवा. नोटीस पाकिटासकट ठेवा. भरपाईचा दावा एका वर्षात लावावा लागतो, फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा कागद तोवर सांभाळायचे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. उत्पन्नाच्या अटीत बसलात तर मोफत वकील मिळतो.

उत्तर वकिलाच्या सहीनंच जाऊ द्या, पण गाभा साधारण असा असावा, आणि तो तुम्हाला स्वतःला पटला पाहिजे:

'मारबतीच्या दिवशी काढलेला बडग्या प्रभागातल्या रस्त्यांच्या दुरवस्थेबद्दल होता आणि त्या विषयावरचं आमचं मत आम्ही कायम ठेवत आहोत. तिसऱ्या पाटीवर चार लाख रुपयांचा आणि आपल्या पत्नीचा जो उल्लेख होता त्याला आमच्याकडे आधार नाही. तो आम्ही मागे घेत आहोत आणि त्याबद्दल आपणा दोघांजवळ खेद व्यक्त करत आहोत. ती पाटी दिसणारं चित्रण काढून टाकलं आहे. बाकी सर्व आरोप आम्हाला मान्य नाहीत आणि आमचे हक्क राखून हे उत्तर देत आहोत.'

स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. आणि त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाकून या. आईंच्या मनगटाचा एक्स-रे आणि दवाखान्याची चिठ्ठी त्याच फाइलला लावा.

– तुमची वकीलताई